कोंडाच्या वरच्या वाडीचं बटण

सकपाळ मॅडमना कुठलंही बटण दिसलं की त्या आधी ते दाबत आणि मग ते कशाचं आहे ते विचारत. पंख्याचं, दारावरच्या घंटीचं, दुकानात विकायला मांडलेल्या मिक्सरचं. एकदा बँकेत टोकन देणारं नवं यंत्र आलं, तर मॅडमनी त्यातून इतकी टोकनं काढली की शिपाई हात जोडून पुढे आला.

"मॅडम, तुमचं काम काय आहे नक्की?"

"काम काही नाही हो. दाबल्यावर ते कसं आत जातंय आणि लगेच वर येतंय, बघा ना. किती शहाणं आहे!"

शिपायाने बघितलं. मग त्यानेही एकदा दाबलं. मॅडमच्या सोबत राहिलं की माणसांचं असं होई.

महाडला एसटी स्टँडसमोर, एका शिवणक्लासच्या वरच्या मजल्यावर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. मी शिवथर खोऱ्यातून कॉलेजला यायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मीच, त्यामुळे पुढे काय शिकावं हे सांगणारं कुणी नव्हतं. तास सुटले की परतीची एसटी यायला बराच वेळ असे, म्हणून मी त्या क्लासचा जिना चढले. दुसरं काही मोठं कारण नव्हतं. पहिल्या दिवशी चपला जिन्याखाली काढल्या, कॉम्प्युटरसमोर बसले आणि हात मांडीत धरून त्याच्याकडे नुसती बघत राहिले.

"काय गो, नवस बोलतेयस काय त्याला?" पाठीमागून आवाज आला. "दाब की काहीतरी! मोडलं तर मी जोडीन. नाही जोडता आलं तर दोघी मिळून पळून जाऊ."

मॅडम तेव्हा तिशीच्या असतील. ठेंगण्या, ओढणी कमरेला गुंडाळलेली, केसांत पेन्सिल खोवलेली आणि पर्समध्ये कायम फुटाणे. खुर्चीवर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. टेबलाच्या कोपऱ्यावर बसून, पाय हलवत शिकवायच्या. एरवी छान पुस्तकी बोलत, पण आनंद झाला की त्यांच्या गावची बोली उसळून वर येई. त्यांच्या 'नाही'चं 'नाय' झालं की आम्ही ओळखायचो, आता मजा आहे.

त्या आम्हाला वेबसाइट बनवायला शिकवत. त्यात सीएसएस नावाचा भाग होता. पानाचा मजकूर आधी साधा लिहायचा आणि मग सीएसएसने त्याला साज चढवायचा. रंग कोणता, कड किती जाड, कुठे किती मोकळी जागा. दुसरे क्लासवाले हा धडा एका दुपारी उरकत असं ऐकलं होतं. मॅडम मात्र त्यातल्या बटणापाशी आल्या की तिथेच मुक्काम ठोकत.

त्या धड्याची सुरुवात कॉम्प्युटरवर झालीच नाही. "पुस्तकं मिटा," त्या म्हणाल्या आणि सगळ्या वर्गाला घेऊन बाजारपेठेत उतरल्या. किराणा दुकानात कॅल्क्युलेटर दाबायला लावला. "बोटाला काय कळलं ते सांगा." मग एका डॉक्टरांच्या दाराशी नेलं. तिथे घंटीचं पांढरं, गोल, फुगीर बटण होतं.

"उजेड कुठून येतोय?"

आम्ही वर बघितलं. "वरून, मॅडम."

"मग ह्याची वरची कड कशी दिसतेय? उजळ. आणि खालची? काळपट. म्हणून ते फुगलेलं वाटतं. कॉम्प्युटरची काच सपाट असते रे बाबांनो, पण वरच्या कडेला फिका रंग दिला आणि खालच्या कडेला गडद, की डोळा फसतो. त्याला वाटतं बटण वर आलंय. दाबल्यावर रंगांची अदलाबदल करा, की वाटतं आत गेलं. बघा हां..."

असं म्हणून त्यांनी ती घंटी दाबली. नुसती दाबली नाही, दाबून धरली. आतून कंपाउंडर धावत आला.

"पेशंट कोण?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "कुणी नाही. आम्ही कड बघत होतो."

आणि कंपाउंडरने पुढचा प्रश्न विचारायच्या आत त्या स्वतःच पहिल्या पळाल्या. त्यांच्या मागे आम्ही. चवदार तळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत कुणी थांबलं नाही. तोपर्यंत मला वाटायचं, शिक्षण म्हणजे न हसता करायची गोष्ट आहे.

माझं स्वतःचं पहिलं बटण गुलाबी होतं. त्याला जाड जांभळी कड, आत पिवळी अक्षरं, आणि ती अक्षरं इकडून तिकडे पळत होती. मी अगदी मन लावून केलं होतं. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हे बटण हाय की वरातीतला घोडा?"

सगळे हसले. माझे कान तापले. मॅडमच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्या माझ्याच बाकावर सरकून बसल्या आणि माझ्या हातावर फुटाणे ठेवले.

"घोडा देखणा आहे हो. पण असल्या घोड्याजवळ जायला माणूस बिचकतो. बटणाने बोलवायचं असतं, ओरडायचं नसतं. आणि अक्षरं बघ, कडेला कशी चेंगरलीत. ही कड म्हणजे घराचं कुंपण समज. कुंपणाच्या आत अंगण हवं, ते पॅडिंग. कुंपणाच्या बाहेर शेजाऱ्यापर्यंत वाट हवी, ते मार्जिन. अंगण नसेल तर पाहुणा बसणार कुठे, आणि वाट नसेल तर शेजाऱ्याशी भांडण."

भांडणाचं त्या सहज बोलल्या. पण त्यांच्या बटणांवरून एका अख्ख्या गावात भांडण झालं, तेही अंगण आणि वाट दोन्ही सोडलेली असताना.

ते गाव त्यांचंच, पोलादपूर तालुक्यात कापड्याच्या पुढे. नाव लिहीत नाही, कारण तिथे मान अजून तोलूनमापून पाहतात. गावाच्या तीन वस्त्या होत्या. देवळाभोवती पेठ, तिच्या पलीकडे मधली आळी, आणि डोंगराच्या अंगाला, दमछाक करणाऱ्या चढावर, कोंडाची वरची वाडी. मॅडमची आई त्या वरच्या वाडीत राहायची.

शिमग्याला गावच्या देवीची पालखी घरोघर जाते. पण गावातली तरणी माणसं मुंबईला, आणि जड पालखी चढावरून वर न्यायला खांदे लागतात. आदल्या शिमग्याला खांदे कमी पडले आणि पालखी चढाच्या पायथ्यापासून माघारी वळली. मॅडमच्या आईने अंगण सारवून, रांगोळी काढून, ओटीचं ताट तयार ठेवलं होतं. तिचे गुडघे गेलेले, खाली उतरणं तिला शक्य नव्हतं. ताट तसंच उचलून आत ठेवावं लागलं.

हे सांगताना मात्र मॅडमचे पाय हलत नव्हते. "यंदा गावकीने ठरवलंय," त्या म्हणाल्या, "मुंबईचे पुरेसे लोक येणार असं आधी कळलं तर पालखी वर न्यायची तयारी करू. नाहीतर चढाच्या खालूनच नारळ ठेवून परत. आता माझ्या आईच्या दारात देवी यायची की नाही, ते ह्या पानावर आहे."

पान त्यांनी स्वतःच बनवलं होतं. मुंबईतली पोरं ऑफिसात, सायबर कॅफेत कॉम्प्युटर वापरतातच. त्यांनी पानावर आपलं नाव लिहायचं आणि आपापल्या वस्तीचं बटण दाबायचं. नाव मॅडमना मेलने पोचणार. तीन वस्त्या, तीन बटणं. फक्त गावकीने होकार दिला की गावकऱ्यांच्या मुंबईतल्या मंडळाला निरोप जाणार होता.

मॅडम पानाचा रंगीत कागद छापून गावकीच्या बैठकीला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी तोंड एवढंसं करून परत आल्या. टेबलावर बसल्या आणि अचानक हसत सुटल्या. हसू थांबेना. शेवटी डोळे पुसत त्यांनी कागद आमच्यापुढे टाकला.

"पेठेला गावात पहिला मान. आता पेठेचं बटण बघा."

आम्ही बघितलं. बटण आतल्या अक्षरांएवढं रुंद झालं होतं. 'पेठ' हे नाव दोन अक्षरांचं, म्हणून बटण चिमुकलं. 'मधली आळी' जरा बरं. आणि 'कोंडाची वरची वाडी' हे बटण मालगाडीसारखं आडवं पसरलं होतं. शेवटच्या मानाच्या वाडीला सगळ्यात मोठं बटण!

"धोंडूआण्णांनी बोटांनी मापलं," मॅडम म्हणाल्या. धोंडूआण्णा म्हणजे पेठेचे मानकरी, पालखीपुढे चालायचा मान त्यांच्या घराचा. "म्हणाले, 'आमचं बटण दोन बोटं आणि हिच्या वाडीचं वीतभर! पोरगी शिकली आणि पयला मान घिऊन वर गेली!'"

एका ओळीत दुरुस्ती झाली. तिन्ही बटणांना मॅडमनी एकच रुंदी दिली. नवा कागद गेला आणि नवं भांडण आलं.

"आता काय म्हणाले आण्णा?"

"म्हणाले, 'सगळी सारखीच? मंग पयला मान कसला?' पेठेचं मोठं करावं तर मधली आळी बैठक सोडून उठते." त्यांनी मूठभर फुटाणे तोंडात टाकले. "सांगा आता. काय करू?"

वर्गात हलकल्लोळ झाला. कुणी म्हणे पेठेच्या बटणाला सोनेरी कड द्या, कुणी म्हणे मुकुट काढा. मी हळूच विचारलं, "मॅडम, पालखी एखाद्याच्या दारात आली की आण्णा कुठे उभे राहतात?"

मला खरंच माहीत नव्हतं म्हणून विचारलं. आमच्याकडे रीत थोडी वेगळी आहे.

"बाजूला. हात जोडून. पालखी ज्याच्या दारात..." मॅडम बोलता बोलता थांबल्या. मग टेबलावरून उडी मारून खाली आल्या. "ज्याच्या दारात पालखी, तेव्हा मान त्याचा! मग तो कुणी का असेना! अगो, हे तर सीएसएसमध्ये हाय की!"

कल्पना अशी होती, की तिन्ही बटणं सारखी आणि शांत रंगाची ठेवायची. माऊसचा बाण ज्या बटणावर येईल तेवढंच गुलालासारखं लाल व्हायचं. बाण पुढे गेला की ते पुन्हा शांत. मॅडमनी झटपट लिहिलं, बाण नेला, आणि काहीच झालं नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा नाही. दुपार सरली, फुटाणे संपले, तेव्हा उलगडा झाला. आमच्या जुन्या ब्राउझरमध्ये बाण जवळ आल्याचं फक्त लिंकला कळायचं, खऱ्या बटणाला कळतच नसे.

"मग लिंकलाच बटणाचे कपडे घालू!" मॅडम म्हणाल्या. कड, अंगण, वाट, वरून उजेड, सगळा साज लिंकवर चढला. आणि बाण नेताच 'पेठ' लालबुंद झालं. वर्ग इतका ओरडला की खालची शिवणयंत्रं थांबली.

कागदावर हे दिसणार कसं? म्हणून कॉम्प्युटरच गावाला न्यायचा ठरला. मॅडमनी मॉनिटर गोधडीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेतला. मी शेजारी, पायांशी बाकीचा डबा धरून बसले होते. कंडक्टर आला.

"बाळाचं वय काय ताई?"

"काय सांगू दादा, अजून चालत नाय. पण हात लावला की लाजतंय."

पोलादपूरपर्यंत ती एसटी हसत होती.

देवळाच्या मंडपात पाटावर मॉनिटर मांडला. धोंडूआण्णा पुढे बसले. उंच, पांढऱ्या मिशा, चेहऱ्यावर हसू अजिबात नाही. मॅडमनी माऊस त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उचलून पडद्यासमोर हवेत धरला.

"आण्णा, खाली पाटावर ठेवा. सरकवा. हां, असा."

बाण थरथरत 'पेठ'वर गेला. बटण लाल झालं. मंडपात "ओऽऽ" असा आवाज उठला. आण्णांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"आण्णा, आमच्यावर पन न्या की!" मधल्या आळीचा कुणीतरी ओरडला. आण्णांनी नेलं. ते लाल झालं आणि पेठ शांत झाली. आण्णांनी घाईने बाण परत पेठेवर आणला. पुन्हा मधल्या आळीवर. पुन्हा पेठेवर. मग म्हातारा त्या खेळात असा रमला की मागची माणसं त्यांच्या खांद्यावरून वाकून बघू लागली.

"आता वर न्या, आण्णा," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

आण्णांनी बाण वरच्या वाडीवर नेला. ते बटणही तेवढंच लाल झालं. आण्णा त्याच्याकडे बघत राहिले, आणि बाण त्यांनी हलवला नाही.

"तुजी आय बरी हाय काय गो?"

"बरी हाय आण्णा. वाट बघतेय."

आण्णांनी माऊस खाली ठेवला. "धाडा निरोप मुंबयला."

निरोप गेला आणि मॅडमच्या मेलवर नावं यायला लागली. रोज त्या आम्हाला वाचून दाखवत. संतोष आला, पांडुरंग आला, राजू आला, आणखी एक राजू, पुन्हा राजू. गावात राजू भरपूर, मुंबईला तर त्याहून जास्त, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. आण्णांनी राजूंसकट हिशेब धरला आणि पालखी वर न्यायचं पक्कं केलं.

शिमग्याला मॅडमनी मला आग्रहाने नेलं. पेठ झाली, मधली आळी झाली. ढोल वाजत होते, पालखी नाचत होती, सगळे गुलालाने माखले होते. मग चढाच्या पायथ्याशी मिरवणूक थांबली आणि आण्णांनी खांदेकरी मोजायला घेतले. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"राजू कुठं हायत सगळे?"

एक गोरटेला, चष्मा लावलेला पोरगा पुढे आला. मुंबईला कुरिअर कंपनीत होता.

"आनि बाकीचे राजू?"

"मीच," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"आण्णा, ते बटण दाबलं की खाली जायचं ना... लय भारी वाटायचं. रोज जेवणाच्या सुट्टीत दाबायचो."

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी ओढणीचा बोळा तोंडात धरला होता आणि डोळे चढावर लावले होते. बटण दाबावंसं वाटलं पाहिजे असं त्यांनी आम्हाला शिकवलं होतं, आणि त्यांनी केलेलं बटण नको तितकं दाबावंसं वाटलं होतं.

आण्णांच्या मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "नारळ ठेवूया मंग हितंच."

"थांबा," राजू म्हणाला. चष्मा काढून त्याने खिशात ठेवला. "जेवढ्या वेळा दाबलं तेवढ्या राजूंचा भार माझा. मी खांदा बदलणार नाय. वरपर्यंत नाय." आणि तो पुढच्या दांड्याखाली जाऊन उभा राहिला.

तरी माणसं कमीच होती. सगळे आण्णांकडे बघत होते. आण्णा पालखीपुढे चालणारे, खांदा देणं त्यांच्या घराकडे नव्हतंच. त्यांनी उपरणं कमरेला बांधलं, मागे गेले आणि दांड्याखाली खांदा लावला.

"धरा," ते म्हणाले, "मला पन एक राजू धरा."

जो हशा उठला तो डोंगरावर आपटून परत आला. मग मधल्या आळीचे एक काका पुढे सरसावले, "मी पन राजू!" त्यांच्या मागे शाळेचे मास्तर, "अरे, मी पण राजूच!" नातवाला बायकोकडे देऊन एक आजोबा आले. ढोलवाल्याने ढोल दुसऱ्याच्या गळ्यात टाकला आणि तोही राजू झाला. सगळे राजू ओरडत, धापा टाकत, एकमेकांना शिव्या घालत चढाला लागले आणि पालखी वर सरकायला लागली.

मॅडमनी चपला हातात घेतल्या. पालखीच्या वाटेने न जाता त्या बाजूच्या करवंदीच्या जाळीतून, उभ्या पायवाटेने धावत सुटल्या. मी मागे पडले. नंतर मॅडम पुण्याला गेल्या, क्लास बंद झाला आणि आमची गाठ पुन्हा पडली नाही. त्यामुळे मला त्या आठवतात त्या अशाच, खालून पाहिलेल्या. ओढणी काट्यात अडकून फाटलेली, अंगभर गुलाल, आणि डोंगराला ऐकू जाईल असा आवाज.

"आये! आये गो! पालखी आली! वर आली!"

मी वर पोचले तेव्हा मॅडम सारवलेल्या अंगणाच्या तोंडाशी, दोन्ही हात पसरून उभ्या होत्या आणि धापा टाकत हसत होत्या. त्यांच्या मागे, पायरीवर, हातात ओटीचं ताट घेऊन त्यांची आई बसली होती. ती मान कधी डावीकडे, कधी उजवीकडे वाकवत होती.

"ओरडतेस कशाला? बहिरी हाय काय मी?" ती म्हणाली. "बाजूला हो गो. मला देवी दिसू दे."

मॅडम बाजूला झाल्या.